बाटलीच्या टोपीत कसलं आलंय करिअर?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमची द्राक्षबाग आहे. वर्षभरापासून तिला एकच नाद लागलाय. सॅनिटायझर, अत्तर, नाकात मारायचा स्प्रे, जे हाती लागेल त्याचं तोंड कापून आत बघायचं. दुबईहून माझ्या भावानं आणलेली अत्तराची बाटलीसुद्धा तिनं सोडली नाही. आता म्हणते, मी हेच नोझल, म्हणजे फवारा उडवणारं तोंड, डिझाइन करणार. तिचे काका म्हणतात, कोडिंगचा क्लास लावा, बाटलीच्या टोपीत कसलं आलंय करिअर? शिवाय मुलीच्या जातीला कारखान्यातल्या शिफ्ट जमतील का? काय करावं?
– एक आई, निफाड तालुका

उत्तर :

ताई, काकांना आधी एक काम सांगा. हातानं दाबायच्या कुठल्याही स्प्रेचं बटण ओढून काढा आणि त्याच्या तोंडाशी बसवलेली बारीक चकती टाचणीनं उचकटा. ती उलटी करून उजेडात धरा. बहुतेक चकत्यांच्या मागे दोन-चार खाचा कोरलेल्या दिसतील. त्या सरळ मध्यावर जात नाहीत, कडेकडेनं तिरक्या एका गोल खळग्यात शिरतात. पाणी तिथं भोवऱ्यासारखं गरगरतं आणि मधल्या भोकातून बाहेर पडताना पातळ पडद्यासारखं पसरून फाटतं. त्या फाटलेल्या पडद्याचे तुकडे म्हणजे आपल्याला दिसणारे तुषार. भोक साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर, म्हणजे चार-पाच केस शेजारी ठेवले तर होईल तेवढं. लग्नातली गुलाबदाणी झटकली की शालूवर टपोरे ठिपके पडतात, कारण तिला नुसती भोकं असतात, पाणी फिरवणाऱ्या खाचा नसतात.

तुमच्या मुलीला ही खाच दिसली आहे आणि ती तिला सुटत नाहीये, असं मला पत्रावरून वाटतं. सॅनिटायझरचं जेल स्प्रेच्या बाटलीत भरलं तर तुषार न येता पिचकारी का उडते, हे तिला विचारून बघा. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग एकसंध धरून ठेवणारी ओढ, ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास, अल्कोहोलचा २२. त्यामुळे अल्कोहोल सहज फाटतं. जेल दाट, ते गरगरायलाच तयार नसतं. म्हणजे नोझल एकटं कधीच डिझाइन होत नाही, आतल्या द्रवासकट होतं. नाकातल्या स्प्रेला तर आणखी एक अट असते. एका दाबात साधारण ०.१ मिलिलिटर औषध पडायचं आणि थेंब फार बारीक होऊन चालत नाहीत. दहा मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) खालचे थेंब नाकात न थांबता फुप्फुसाकडे जाऊ शकतात. दम्याच्या पंपात नेमकं उलटं, तिथं एक ते पाच मायक्रॉनचेच कण हवे असतात. काकांच्या ‘टोपी’त एवढं सगळं आहे.

आता कडू भाग. ‘नोझल डिझायनर पाहिजे’ अशी जाहिरात तिला क्वचितच दिसेल. या धंद्यात कंपन्या थोड्या आहेत आणि सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणीपेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त. दुसरं म्हणजे हे नोझल कॉम्प्युटरवर कमी आणि टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या कारखान्यात, जास्त घडतं. ते प्लास्टिकचं, इंजेक्शन मोल्डिंगनं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबानं साच्यात (मोल्डमध्ये) भरून बनतं. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक थंड होताना एक-दोन टक्के आकसतं, त्यामुळे चित्रात काढलेलं भोक आणि हातात येणारं भोक एकच नसतं. एका मोल्डमध्ये ३२ किंवा ६४ कॅव्हिटी, म्हणजे एकेका नगाचे खळगे, असू शकतात. त्यातल्या एका कॅव्हिटीची कोअर पिन (भोक पाडणारी बारीक सळई) जराशी झिजली किंवा भोकाच्या काठाला फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकची पापुद्र्यासारखी कड, आली, की त्या नंबरच्या कॅव्हिटीतल्या सगळ्या नोझलांचा फवारा तिरका उडणार. ती पिन भिंगाखाली धरून दोन दोन तास बसणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या मुलीला कंटाळा नेमका इथं येतो की नाही, हे आधी कळायला हवं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर द्रवाचा रंगीत प्रवाह फिरताना बघायला सगळ्यांनाच आवडतं.

म्हणून डिग्री पूर्ण करू द्या, पण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयावर घ्यायला सांगा. आणि त्याआधी घरच्या घरी हे करून बघा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणा. एकाच जातीच्या पाच बाटल्यांत पाणी भरून, प्रत्येकीच्या वीस-वीस दाबांत दर वेळी किती वजन बाहेर पडतं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. मग पाण्यात थोडं ग्लिसरीन, नंतर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून पुन्हा तेच. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये फवाऱ्याचा कोन टिपायचा. पाण्यानं निळा पडणारा पिवळा कागद फवारणीच्या चाचणीसाठी मिळतो, तो आणला तर थेंबांचे डागही मोजता येतील. दोन महिन्यांनी वही भरलेली असेल तर पुढचं वाचा. रिकामी असेल तर काकांचा क्लास लावा, माझी हरकत नाही.

पुढचं म्हणजे मोल्ड डिझाइन. छत्रपती संभाजीनगरला सिपेट या प्लास्टिकचं तंत्र शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचं केंद्र आहे, तिथं मेकॅनिकलवाल्यांसाठी कॅड-कॅमसह (कॉम्प्युटरवर आराखडा काढणं आणि त्यावरून मशीन चालवणं) प्लास्टिक मोल्ड डिझाइनचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्याच शहरात इंडो-जर्मन टूल रूम ही साचे-हत्यारांचं काम शिकवणारी संस्थाही आहे. प्रवाहाच्या गणितातच तिचं मन रमत असेल, तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी थर्मल आणि फ्लुइड्समध्ये, म्हणजे उष्णता आणि प्रवाहांच्या विषयात, एम.टेक. हे दोन रस्ते फार वेगळे आहेत आणि माझा कल पहिल्याकडे आहे. मोल्ड डिझाइन येणाऱ्या मुलीला औषध, कॉस्मेटिक, वाहनांचे भाग, कुठंही काम मिळतं. नोझल हा तिचा नाद राहील आणि संधी आली की तोच उपयोगी पडेल.

तुम्ही तर नाशिककर! मायको सर्कलवरून किती वेळा गेला असाल. ज्या मायको कंपनीचं ते नाव, तिच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी, नोझलं बनतात. बाटलीपेक्षाही बारीक भोकं आणि दाब हजार बारच्या वर, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीहून जास्त. ओळखीत तिथून रिटायर झालेलं कोणीतरी असेलच. त्यांच्याकडे दोन रविवार पाठवा, मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकून येईल. आणि बागेतल्या फवारणीच्या ब्लोअरची जुनी नोझलं फेकू नका. भोक झिजून मोठं झालं की औषध किती जास्त जातं, हे तिनं बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं तर बापाचेही पैसे वाचतील.

शिफ्टबद्दल खरं सांगते. मोल्डिंग तिन्ही शिफ्टमध्ये चालतं. डिझाइनचं काम दिवसाचं, पण नव्या मोल्डची ट्रायल, म्हणजे पहिली चाचणी, मशीन मोकळं होईल तेव्हा लागते, कधी रात्री अकरालाही. या कामात मुली आहेत. मुलाखतीतच ट्रायलच्या वेळा आणि रात्रीची गाडी विचारायची, लाजायचं नाही.

राहता राहिली अत्तराची बाटली. तिच्या गळ्याशी पंप पत्रा दाबून बसवलेला असतो. एकदा उचकटला की तो घरी पुन्हा बसत नाही. उरलेलं अत्तर घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ओतून ठेवा, नाहीतर उडून जाईल.