एसक्यूएल सर्व्हरमध्ये चार पेजेसच्या छोट्या टेबलचा इंडेक्स तीनदा रीबिल्ड करूनही (नव्याने बांधूनही) फ्रॅगमेंटेशन, म्हणजे पेजेसचा क्रम विस्कटल्याचं प्रमाण, 75 टक्केच दाखवतंय, काय करू?

काही करू नका. टेबल चार पेजेसचं आहे असं तुम्हीच लिहिलंय, एक पेज (डेटा साठवायचा ठोकळा) 8 केबीचं, म्हणजे सगळं मिळून 32 केबी. एवढ्यासाठी तीनदा रीबिल्ड मारलात?

चिडून बोलतेय कारण हेच मी एका नोकरीत कितीतरी महिने भोगलंय. आमच्या सीनियरना फ्रॅगमेंटेशनच्या रिपोर्टमधला लाल रंग सहन व्हायचा नाही, 30 टक्क्यांच्या वर काही दिसलं की दर सोमवारी मला विचारणा. त्यात एक स्टेटस कोडचं टेबल होतं, तीनेकशे रो, कायम 75. रीबिल्ड केलं, 75. फिल फॅक्टर (पेज किती टक्के भरायचं ते) 100 केला, 75. शेवटी इंडेक्स ड्रॉप करून परत बनवला तर 50 आलं, साहेब खूश, आणि रात्रीच्या जॉबनंतर पुन्हा 75! एसक्यूएल सर्व्हर 2012 होतं, त्यात टेबलची पहिली आठ पेजेस मिक्स्ड एक्स्टेंटमधून (अनेक टेबलांत वाटलेल्या आठ पेजेसच्या गठ्ठ्यांतून) मिळायची, म्हणजे जिथे रिकामी जागा सापडेल तिथे. ती एका रांगेत येणार कशी? (2016 पासून डीफॉल्ट बदललाय, पण चार पेजेसमध्ये एकाची जागा हलली तरी टक्का उडी मारतोच.) आणि ती चार पेजेस कायम मेमरीतच पडून असतात, मग डिस्कवर कुठल्या क्रमाने आहेत याने क्वेरीला काय फरक पडतो.

मग साहेबांनी सरसकट सगळी टेबलं रीबिल्डच्या नाइट जॉबमध्ये टाकली. एका रात्री इम्पोर्ट लांबला, रीबिल्ड त्याच्यामागे स्कीमा लॉकसाठी (टेबलवरच्या पूर्ण ताब्यासाठी) ताटकळला, आणि त्या टेबलवरचे बाकीचे सगळे सेशन रीबिल्डच्या मागे. रात्री तीनला फोन कुणाला? मला. 32 केबीसाठी.

तरी त्यांचं पालुपद एकच, "रीबिल्डनंतर ऑर्डर्सचा रिपोर्ट फास्ट झाला ना?" अहो झाला, पण रीबिल्ड करताना त्या इंडेक्सची स्टॅटिस्टिक्स (डेटा कसा विभागलाय याचा अंदाज) सगळा डेटा वाचून, म्हणजे फुल स्कॅनने, अपडेट होतात आणि क्वेरी कशी चालवायची तो प्लॅन नव्याने बनतो, त्याने झाला. रीऑर्गनाइझमध्ये (पेजेसचा क्रम नुसता नीट लावण्यात) स्टॅटिस्टिक्सला हात लागत नाही, म्हणून त्याने कधी फरक पडला नाही. मी म्हटलं एकदा नुसतं स्टॅटिस्टिक्स अपडेट करून बघू, तर "तुला अजून अनुभव नाही."

तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये पेज काउंट 1000 च्या वर अशी अट घाला, म्हणजे साधारण 8 एमबीच्या खालचं काही दिसणारच नाही. हा 1000 चा आकडा आणि ते 5 टक्क्यांवर रीऑर्गनाइझ, 30 च्या वर रीबिल्ड हे सगळे ठोकताळे आहेत, दगडावरची रेघ नाही.

हां, एक राहिलं. टेबलवर क्लस्टर्ड इंडेक्सच (ज्याच्या क्रमाने रो ठेवल्या जातात तो) नसेल तर फॉरवर्डेड रेकॉर्ड्स (दुसऱ्या पेजवर हलवलेल्या रो) बघा, ती वेगळी भानगड आहे. आणि पोस्टग्रेसवाल्यांनी (तो वेगळा डेटाबेस) हे वाचून निर्धास्त होऊ नये, तिथे सतत अपडेट होणारं छोटं टेबल डेड रोंनी (जुन्या, निरुपयोगी झालेल्या रोंनी) खरंच फुगतं, त्या साफ करणारा व्हॅक्यूम वेळेवर चालतोय का ते तपासा.

साहेब, तुम्ही इथे असाल तर रीबिल्डचा जॉब एक आठवडा बंद ठेवा, फक्त स्टॅटिस्टिक्स अपडेट चालवा आणि ऑर्डर्सच्या रिपोर्टला किती सेकंद लागतात ते खाली लिहा.