वाचकांचे प्रश्न : केट एडी आणि घटनास्थळावरची बातमी

प्रश्न : माझी मुलगी पत्रकारितेची पदविका करीत आहे. बीबीसीच्या केट एडी यांचे नाव तिच्या बोलण्यात वारंवार येते. त्या या क्षेत्रात कशा आल्या आणि त्यांच्या कामाला एवढे महत्त्व का दिले जाते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : केट एडी यांचा जन्म १९४५ सालचा. तान्ह्या असतानाच त्या दत्तक गेल्या आणि ईशान्य इंग्लंडमधील संडरलंड या जहाजबांधणीच्या शहरात एका औषधविक्रेत्याच्या घरी वाढल्या. न्यूकॅसल विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली ती स्कँडिनेव्हियन अभ्यास या विषयाची. पुढे बीबीसीच्या डरहॅम येथील स्थानिक रेडिओ केंद्रावर त्या सहायक म्हणून लागल्या, तेथून ब्रिस्टलला गेल्या आणि प्रादेशिक बातम्यांचे काम करीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या राष्ट्रीय वृत्तविभागात पोहोचल्या. मुलीला हा टप्पा आवर्जून सांगावा, कारण नंतर त्यांच्या निवेदनात जो नेमकेपणा दिसतो तो स्थानिक केंद्रांवरील या बिनचमकदार वर्षांत कमावलेला आहे, असे मला वाटते.

५ मे १९८० रोजी त्या प्रथम घराघरांत पोहोचल्या. लंडनमधील इराणी दूतावासात सहा बंदूकधाऱ्यांनी २६ जणांना ओलीस धरल्याचा तो सहावा दिवस होता. सुटीच्या त्या संध्याकाळी एडी कामावर होत्या. स्फोट झाले, ब्रिटिश कमांडो इमारतीत शिरले आणि बीबीसीने स्नूकरच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना मध्येच थांबवून थेट प्रक्षेपण सुरू केले. हाती लिहिलेला मजकूर नाही, आत काय चालले आहे याची खात्रीची माहिती नाही, अशा स्थितीत मोटारीच्या दाराआड वाकून बसलेल्या एडी समोर जे घडत होते ते सांगत राहिल्या.

त्यांची खरी कसोटी मात्र १९८६ मध्ये लागली. एप्रिलमध्ये अमेरिकी विमानांनी लिबियाची राजधानी त्रिपोलीवर बाँबहल्ला केला तेव्हा त्या तेथेच होत्या. हल्ल्यातील काही विमाने ब्रिटनमधील तळांवरून उडाली होती, त्यामुळे नागरी वस्तीच्या हानीची आणि जखमींची दृश्ये लंडनच्या सत्ताधाऱ्यांना झोंबणारी होती. तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षाचे अध्यक्ष नॉर्मन टेबिट यांनी या वार्तांकनावर पक्षपाताचा जाहीर आरोप केला. बीबीसीने त्याला मुद्देसूद उत्तर दिले आणि आपल्या वार्ताहराची पाठराखण केली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : परक्या वार्ताहरांनी काय पाहायचे हे ठरवण्याचा लिबियाच्या अधिकाऱ्यांचाही प्रयत्न होताच. दोन्ही बाजूंच्या दडपणात आपण स्वतः काय पाहिले आणि काय केवळ आपल्याला दाखवले गेले, हा भेद राखावा लागतो. वार्ताहराच्या कामात याहून अवघड दुसरे काही नसावे.

जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकाच्या परिसरात सैन्याने गोळीबार केला, त्या रात्री एक गोळी त्यांच्या हाताला चाटून गेली. तरीही त्या वार्तांकन करीत राहिल्या. त्याच वर्षी त्या बीबीसीच्या मुख्य वृत्त-वार्ताहर झाल्या. पुढे आखाती युद्ध आणि बोस्निया ही रणक्षेत्रे त्यांनी पाहिली. दूरचित्रवाहिन्या अनुभवापेक्षा चेहऱ्याला महत्त्व देऊ लागल्या आहेत, अशी टीकाही त्यांनी उघडपणे केली आणि ती आपल्याकडेही मनावर घेण्याजोगी आहे. १९९८ पासून त्या बीबीसी रेडिओवर जगभरच्या वार्ताहरांचे अनुभवकथन सादर करू लागल्या. २०१८ मध्ये त्यांना बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीची फेलोशिप मिळाली.

प्रश्न : २६/११ च्या वेळी वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर टीका झाली. मग १९८० च्या तशाच प्रक्षेपणाचे कौतुक का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि लंडनचे प्रक्षेपण निर्धोक होते असे मीही म्हणणार नाही. परंतु तेथील कमांडोंची मुख्य कारवाई सुमारे १७ मिनिटांत आटोपली. मुंबईत ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस येथील चकमकी मिळून जवळजवळ ६० तास चालल्या आणि हल्लेखोरांना पाकिस्तानातून फोनवर सूचना देणारे सूत्रधार तीच दृश्ये पडद्यावर पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना या प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांचे काम अधिक कठीण आणि धोक्याचे झाले, असे स्पष्टपणे नोंदवले. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला आणि दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपणाला मनाई करून, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन करण्याचे बंधन वाहिन्यांवर आले.

कारवाई चालू असेपर्यंत हे बंधन मला योग्य वाटते. मात्र त्यामुळे त्या तासांपुरता वार्ताहर पूर्णपणे सरकारी माहितीवर विसंबतो. म्हणून कारवाई संपताच सुटका झालेल्यांशी, रुग्णालयातील जखमींशी आणि आसपासच्या रहिवाशांशी बोलून ती माहिती पडताळणे हे त्याचे काम ठरते. त्यासाठी थेट प्रक्षेपणाची गाडी (ओबी व्हॅन) तेथून हलल्यावरही आणखी काही दिवस त्याला तेथे थांबू द्यायला वाहिनीची तयारी हवी.