पोकलेन आणायच्या आधी

ज्या भागाचं पावसाचं पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळतं तो पाणलोट. केंद्राच्या निधीतून राज्यात होणारी पाणलोटाची कामं 'वसुंधरा' ही पुण्याची राज्यस्तरीय यंत्रणा पाहते. या कामांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : प्रकल्प मिळून दीड वर्ष झालं, अजून डोंगरावर चरच खणताहेत. ओढ्यावर बंधारा कधी बांधणार? (सिन्नर तालुका)

चर आधी आणि बंधारा नंतर, हाच क्रम बरोबर आहे. माथा ते पायथा म्हणतात ते यालाच. उलटं केलं, तर डोंगराची माती थोड्याच पावसाळ्यांत बंधाऱ्यात येऊन बसते. मग गाळ काढायला वेगळी योजना आणा!

तोवर एक करा, चर बघून या. सलग समतल चर, म्हणजे डोंगराच्या एकाच पातळीवरून आडवा खणलेला चर, सहसा ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असतो. निघालेली माती उताराच्या बाजूला टाकलेली हवी आणि त्या भरावावर गवताचं बी पेरलेलं हवं. चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी वर जा. चरात या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी सारखं उभं असेल, तर आखणी नीट झाली. एकाच कोपऱ्यात तुंबलं असेल, तर समपातळी चुकली आहे. असा चर तिथूनच फुटतो आणि खालच्या चरांनाही घेऊन जातो. बिल चराच्या मापावर निघतं, त्यामुळे पातळीकडे गावानेच लक्ष ठेवलेलं बरं.

प्रश्न : शेजारच्या गावात कामं झाली, आमच्या गावात फक्त एका वाडीत. हा दुजाभाव कशासाठी? (पाटोदा तालुका)

राजकारण नसतंच असं मी म्हणणार नाही, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. पाण्याला शिवेचा दगड कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे दीड हजारावर पाणलोट आखले आहेत आणि एकाच गावाचं शिवार दोन पाणलोटांत विभागलेलं असू शकतं. तुमची वाडी ज्या ओढ्याकडे उतरते तो प्रकल्पात असेल, उरलेलं गाव दुसरीकडे उतरत असेल. नकाशा मागा, पाचच मिनिटांत उलगडा होईल.

प्रश्न : सरपंच म्हणतात, शिरपूरसारखा नाला खोल केला की प्रश्न मिटला. चराचे पैसे पोकलेनला वळवता येतील का? (माण तालुका)

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. धुळे जिल्ह्यातलं शिरपूर तापीच्या खोऱ्यात आहे. तिथल्या गाळाच्या जमिनीचा थर खूप जाड आहे. वरची चिवट माती काढली की खाली वाळूचे थर लागतात, ते पाणी भराभर पितात. म्हणून तिथे खोलीकरणाला अर्थ होता. तुमच्याकडे थोडी माती, मग मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट. राज्याच्या सुमारे ८२ टक्के भागात हाच काळा खडक आहे. मुरमात पाणी मुरतं, अखंड कातळ फोडून केलेल्या खड्ड्यात ते नुसतं उभं राहतं आणि उन्हात उडून जातं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. नाल्याचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाण्याच्या पातळीखाली गेला, की विहिरींचं पाणीच पाझरून नाल्यात उतरतं. नाल्यात पाणी दिसतं, गावकरी फोटो काढतात आणि काठावरच्या विहिरी मात्र लवकर तळ गाठतात. सरकारी सूचनांतही तीन मीटरची मर्यादा घातली होती ती उगाच नाही. 'जलयुक्त शिवार'च्या काळात ती कितीदा पाळली गेली, हे ज्याने त्याने आपल्या शिवारात टेप धरून पाहावं.

राहिला पैशांचा प्रश्न. २०२१ नंतरच्या प्रकल्पांना सपाट भागात हेक्टरी २२,००० आणि अवघड भागात २८,००० रुपये हा दर आहे. तो पूर्ण आराखड्यासाठी असतो. सगळा यंत्रावर उडवला, तर बांधबंदिस्ती कशातून करणार? सरपंचांना सांगा, साचलेला गाळ काढायला पोकलेन जरूर आणा, पण मूळ तळ लागला की थांबा.

प्रश्न : पाणी वाढलं, तसा ऊस वाढला. आता मार्चमध्येच टँकर. मग कामं फसली का? (संगमनेर तालुका)

कामं फसली नाहीत, हिशेब फसला. पाण्याचा हिशेब टीसीएममध्ये करतात. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजेच दहा लाख लिटर. समजा तुमचा सिमेंट बंधारा १० टीसीएमचा आहे आणि पावसाळ्यात दोनदा भरला. झाले २० टीसीएम, तेही सगळं मुरलं असं धरून. पाटपाण्यावरचा एक हेक्टर ऊस वर्षाला जवळपास तेवढंच पितो. तेवढ्यात पाच-सहा हेक्टर हरभरा निघाला असता.

हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून ताळेबंद मांडतात आणि त्यावर रब्बी ठरवतात. आदर्श गाव योजनेत बोअरवेलबंदी आहे ती याचसाठी. २००९ च्या भूजल कायद्यातही शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विंधन विहिरीला मनाई आहे. बोअरची गाडी रात्रीत येऊन दोनशे नव्हे, पाचशे फूट जाते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

सुरुवात सोपी आहे. आठ-दहा विहिरी निवडा, कठड्यावर रंगाने खूण करा आणि त्याच खुणेपासून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी चारदा पातळी मोजा. भूजलवाले याच महिन्यांत मोजतात, म्हणजे ताडून पाहता येईल. ऑक्टोबरचे आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहा. वाद होईल, होऊ द्या.

प्रश्न : प्रकल्प संपला. बंधाऱ्याच्या कडेने पाणी फुटतंय. दुरुस्ती कोणाकडे? (मोहोळ तालुका)

पाणलोट विकास निधीचं पासबुक शोधा. खासगी जमिनीवरच्या कामांसाठी १० टक्के, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के लोकवर्गणी घेतात ती या खात्यात जाते, आणि मागाहूनच्या देखभालीलाच ती वापरायची असते. खातं गावाच्या पाणलोट समितीच्या नावाने असतं. समिती विसर्जित झाल्यासारखी असेल, तर ग्रामसभेत विषय घ्या. दुरुस्ती मात्र पावसाळ्याआधीच करून घ्या. काठ आज हातभर कापला असेल, तर दगडी पिचिंगने, म्हणजे काठाला दगड रचून, भागेल. ओढ्याने बंधाऱ्याला वळसा घातला की नवा बंधाराच बांधावा लागेल.