पैदास झाली, पण सोडणार कुठे?

वन्यजीव वाचवण्याच्या कामात नव्याने येताय, म्हणून कळकळीने सांगतो: बंदिवासात पिल्लं जन्मली की प्रजाती वाचली, असं मानू नका. अरबी ऑरिक्स हा कुरंग १९७२ मध्ये शिकारीमुळे मोकळ्या रानातून संपला. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या मोजक्या जनावरांपासून कळप वाढवले आणि १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ते सोडले. चांगले रुजलेही. पण चोरटी शिकार पुन्हा सुरू झाली, राखीव क्षेत्राचाही बराचसा भाग काढून घेतला गेला, आणि २००७ मध्ये युनेस्कोने ते क्षेत्र जागतिक वारसा यादीतूनच वगळलं.

म्हणून कुठल्याही प्रकल्पात पहिला प्रश्न हाच विचारा: प्राणी ज्या कारणाने नाहीसा झाला, ते कारण दूर झालं का? माझ्या मते अधिवास सांभाळणं हेच मुख्य काम. बंदिवासातली पैदास निकडीच्या वेळी हवीच, पण तिथे वंशावळीची नोंद काटेकोर ठेवा, नाहीतर जवळच्या नात्यात प्रजनन होऊन पुढची पिढी कमकुवत निघते. माणसाची सवय लागू देऊ नका. कॅलिफोर्निया कंडोर या गिधाडासारख्या मोठ्या पक्ष्याच्या पिल्लांना म्हणूनच कंडोरच्या डोक्यासारख्या हातमोज्यातून भरवत.

आणि हो, रानात एकटं पिल्लू दिसलं तर लगेच उचलू नका. आई बहुतेकदा जवळपासच असते.