‘काहीतरी झाल्यावरच बाईंना तोंड दाखवीन’

ताई,

माझं वय ४३. सातवीत असताना वडील अचानक गेले. आई कामाला जाऊ लागली आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला मी घरी राहू लागलो. आठवडा-आठवडा शाळा बुडायची. आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी ‘कुठे होतास’ असं वर्गासमोर एकदाही विचारलं नाही. माझा बुडालेला अभ्यास त्या एका वेगळ्या वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवायच्या आणि मी आलो की वही गुपचूप माझ्या बाकावर ठेवून पुढे जायच्या. असं दोन वर्षं चाललं. शाळा सुटताना म्हणाल्या, ‘तू खूप मोठा होणार आहेस, मला माहीत आहे.’

मी मोठा झालो नाही. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सुटलं. आज एका गोदामात मालाचा हिशेब ठेवतो. घर चालतं, बायको आहे, मुलगी आहे, तक्रार नाही. (हाताखाली नवी पोरं येतात, त्यांना रजिस्टर लिहायला शिकवतो. एक जण बाहेरून परीक्षा देतोय, त्या दिवसांत त्याची पाळी मी करतो.)

बाई निवृत्त झाल्यात, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तब्येतही बरी नसते असं कळलं. वर्गमित्र त्यांच्यासाठी मेळावा घेतायत. तिथे सगळे नाव कमावलेले असतील. मी केव्हाच ठरवून टाकलं होतं, काहीतरी झाल्यावरच बाईंना तोंड दाखवीन. चार वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. काय करू?

— मागच्या बाकावरचा

*

मागच्या बाकावरचे,

पाचव्यांदा लिहा आणि या वेळी फाडू नका. सल्ला एवढाच. पण नुसतं एवढं सांगून तुम्ही ऐकणार नाही, म्हणून पुढचं.

आधी त्या एका वाक्याचं बघू, कारण सगळं अडलंय तिथेच. या सदराकडे वळण्याआधी मी सहा वर्षं शाळेत शिकवलं. ‘तू मोठा होणार’ हे मीही किती पोरांना म्हणाले असेन याचा हिशेब नाही. म्हणताना कुणाची पगाराची पावती डोळ्यांसमोर नसते हो. समोर एक पोर उभं असतं, घरी काहीतरी वाईट घडलेलं, तरी आलेलं. त्याला हातात काहीतरी देऊन पाठवावंसं वाटतं आणि आपल्याकडे असतात फक्त शब्द. बाईंनी दिली ती शिदोरी. तुम्ही ती उधारी समजलात आणि व्याज मोजत बसलात. यात बाईंची चूक नाही, पण तुमचीही नाही. वडील नसलेल्या मुलाला मोठ्या माणसाचं असं एखादं वाक्य फार जड जातं. मायेनं बोललेला शब्दही ओझं होऊ शकतो, हे शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवं. मीही तेव्हा ठेवलं नव्हतं.

आता ‘काहीतरी झाल्यावर’बद्दल. शिक्षकांना लिहिलेलं सगळ्यांत प्रसिद्ध पत्र बहुधा फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूचं. १९५७ साली साहित्याचं नोबेल जाहीर झालं आणि गडबड ओसरल्यावर १९ नोव्हेंबरला त्यांनी आपल्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना, लुई जेर्मेंना पत्र लिहिलं: बातमी कळली तेव्हा आधी आईची आठवण झाली, मग तुमची. काम्यूही बिनबापाचा मुलगा. वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जेर्मेंनी त्याला शाळा सुटल्यावर शिकवून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं, नाहीतर तो पोरवयातच कामाला लागला असता. पत्र सुंदर आहे. पण त्यानं आपलं एक नुकसानही केलंय. आपल्याला वाटू लागतं की गुरुजींना लिहायचं तर आधी नोबेल हवं. जेर्मेंच्या वर्गातून इतकी पोरं गेली, त्यांतलं बक्षीस एकालाच मिळालं. बाकीच्यांवरची मेहनत काय वाया गेली? पुढे जेर्मेंनी काम्यूला लांबलचक उत्तर पाठवलं. तुझ्या घरची खरी परिस्थिती मला तेव्हा फारशी कळलीच नव्हती, असं त्यात आहे. कारण वर्गात तो पोरगा खूश दिसायचा. त्यांच्या आठवणीत राहिला तो आनंदानं शाळेत बसलेला मुलगा.

तुम्ही ‘झालो नाही’ म्हणता, ते कुठल्या मापानं? हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी पुढे कित्येक दशकं ठेवला. त्यांतल्या ज्यांच्या घरी गरिबी, आजारपण, भांडणं असं सगळं एकावर एक साचलेलं होतं, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धड माणसं झाली. ती कशामुळे सावरली हे शोधताना पुन्हा पुन्हा एक गोष्ट समोर आली: घराबाहेरचं एखादं मोठं माणूस, आणि ते बरेचदा शाळेतलं. आता ‘धड’ ठरवताना त्यांनी काय पाहिलं? नुसतं कुठे पोचला एवढंच नाही. हाताला काम आहे का, नाती टिकली का, पोलिसांच्या भानगडीत तर नाही, आणि दुसऱ्याची काळजी घेता येते का. तुमचं पत्र परत वाचा आणि या चार ओळींवर खुणा करा.

दुसऱ्याची काळजी म्हटलं तर तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत आवडलेलं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. परीक्षेला बसणाऱ्या पोराची पाळी तुम्ही करता. तो पोरगाही चारचौघांत ‘कुठे होतास’ असं तुमच्याकडून ऐकत नसणार. यावर मी जास्त बोलत नाही, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. फक्त पाचव्या पत्रात हा कंस काढून टाका.

वहीबद्दल मात्र थोडं बोलायचंय, कारण ती वही मला सारखी दिसते आहे. बाईंनी काय केलं बघा. तुमचं गैरहजर राहणं त्यांनी गुन्हाही ठरवलं नाही आणि त्याचं कौतुकही केलं नाही. परत येणं सोपं केलं. आठवडा बुडवून आलेल्या मुलाला सगळ्यांत भीती त्या पहिल्या तासाची असते: फळ्यावरचं काही कळत नाही, सगळे बघतात. तिथे ती वही तयार. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यात नववीच्या शिक्षकांवर किराबो जॅक्सन या अर्थतज्ज्ञानं मोठा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुलं पुढे शाळा पूर्ण करतात की नाही, हे शिक्षकामुळे मार्क किती वाढले यावरून जेवढं कळलं, त्याहून जास्त कळलं ते शिक्षकामुळे मुलांची हजेरी आणि वागणूक किती सुधारली यावरून. मुलाचे पाय शाळेकडे वळते ठेवणं हे वेगळंच कसब आहे, ते निकालपत्रात दिसत नाही. त्या वर्षांत तुमचे मार्क किती होते मला ठाऊक नाही. पण तुम्ही शाळा सोडली नाहीत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलात म्हणजे किती पुढे आलात हे तुम्ही मोजतच नाही, कारण मोजायला सुरुवात करता ती जिथे थांबलात तिथून.

आता तुमची भीती. बाईंना आठवलंच नाही तर? शक्य आहे. माझं सांगते. मला एका विद्यार्थिनीचं पत्र आलं होतं. तिनं लिहिलं, ‘तुम्ही त्या दिवशी माझी चूक सगळ्यांदेखत स्वतःवर घेतलीत.’ मी तासभर आठवत बसले. काही केल्या आठवेना. पण त्या पत्रानं मला जे दिलं ते आठवणीवर अवलंबून नव्हतंच. आपल्या हातून कधीतरी असं काही झालं होतं, हेच नवीन कळलं. शिक्षकाला आपल्या चुका चांगल्या लक्षात राहतात, कुणावर उगीच हात उगारला ते तर जन्मभर. चांगलं केलेलं कुणीतरी सांगावं लागतं.

आणि पत्र वाचून बाईंना कसंतरी होईल, आपली भाषा बरी नाही, हीही भीती असेलच. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोघा संशोधकांनी हे तपासून पाहिलंय. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, मग ज्यांना ती मिळाली त्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की समोरचा अवघडेल. प्रत्यक्षात तो त्यांच्या अंदाजापेक्षा खूप कमी अवघडला आणि खूप जास्त सुखावला. लिहिणारे शब्दांची चिंता करत बसले होते, वाचणाऱ्यांना भिडला तो जिव्हाळा.

तर लिहायचं काय? एक पान, जास्त नको. पहिल्याच ओळीत नाव आणि वर्ष, त्यांना ओळखीसाठी ताण नको. मग वही. तिचा रंग आठवत असेल तर तो लिहा, त्यातलं एखादं गणित आठवत असेल तर तेही. ती वही घरी नेऊन तुम्ही काय केलंत ते लिहा, तेवढं त्यांनी पाहिलेलं नाही. मग आज काय करता, मुलगी कितवीत आहे. ‘तुमची अपेक्षा पुरी करू शकलो नाही’ हे वाक्य लिहायचं नाही. माझी खात्री आहे, चारही पत्रं तुम्ही याच वाक्यापाशी फाडलीत. ते लिहिलंत की आजारी बाईंना उलट तुमची समजूत घालत बसावं लागेल.

मेळाव्याचं मनावर घेऊ नका. वाटलं तर जा, नाहीतर नाही. गर्दीत, हारतुऱ्यांत, माइकवर हे बोलणं होणारही नाही. पत्र मात्र मेळाव्याआधी पोचू दे. आठवड्याभरानं फोन करा, घरच्यांना विचारा बाईंना भेटलेलं चालेल का, आणि चालत असेल तर एखाद्या दुपारी मुलीला घेऊन जा. फार वेळ बसू नका. थकल्या की उठा.

अक्षर जरा मोठं काढा. ऑपरेशन झालंय म्हणता ना.

— ताई