१६२७ की १६३०?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

शिवजन्माचं साल एका साइटवर १६२७ आणि दुसरीकडे १६३० दिसलं म्हणून तू गोंधळलीस. "बाई, कुठलं लिहू?" असं विचारलंस. नुसतं साल सांगून मी मोकळी होणार नाही. इतका चांगला प्रश्न हाती आलाय, तर तो तूच सोडव. वाट मी दाखवते.

प्रत्येक आकडा कुठून तरी आलेला असतो, ते आधी शोधायचं. ग्रँट डफने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ सालचा. त्यात १६२७ आहे आणि पुढे कित्येकांनी तेच उचललं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेध्यांच्या घराण्यातल्या या नोंदींमध्ये जन्मतिथी आहे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही हीच तिथी, आणि परमानंद तर महाराजांच्याच काळातला. म्हणून कुठलंही पुस्तक उघडलंस की ते कधी लिहिलं गेलं आणि तेव्हा लेखकासमोर कोणते कागद होते, हे आधी बघ.

आता शकावरून इंग्रजी साल काढायला एरवी ७८ मिळवतात. तसं गणित करशील तर १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९ येईल. घाबरू नकोस. शक चैत्रात सुरू होतो आणि फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. एखाद्या साइटवर १ मार्च १६३० दिसलं तर तेही चूक नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे, १ मार्च ही आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियनची.

शोधताना "शिवाजी महाराज जन्म" एवढंच टाकलंस तर एकमेकांवरून उतरवलेली पानंच जास्त येतील. त्याऐवजी साधनाचं नाव टाक. "जेधे शकावली" अवतरणचिन्हांत लिहिलंस तर ते शब्द जसेच्या तसे असलेली पानं मिळतील. मग तेच नाव इंग्रजी अक्षरांत टाकून बघ, निराळंच काही हाती लागतं. मजकूर उतरवलेला वाटला तर त्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत शोध. तेच वाक्य दहा साइटवर सापडलं, तर तो पुरावा एकच धरायचा, दहा नाहीत.

विकिपीडिया जरूर वाच, पण खालचे संदर्भ उघडल्याशिवाय पान बंद करू नकोस. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे. जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर पानापानाने स्कॅन केलेली मिळतात, त्यात खुद्द डफही आहे. एआयने तयार उत्तर दिलं, तर त्यात सांगितलेलं पुस्तक खरंच आहे का आणि त्यात ती गोष्ट आहे का, हे स्वतः तपासायचं. कधीकधी ते नसलेल्या पुस्तकाचं नावही बिनधास्त सांगतं. याबाबतीत मी फार कडक आहे, हे तुला ठाऊक आहे.

वहीत प्रत्येक माहितीपुढे लिंक, पाहिल्याची तारीख आणि पुस्तक असेल तर पान क्रमांक लिही. प्रकल्पात दोन्ही सालं दे आणि १६३० का धरलंस ते तुझ्या शब्दांत मांड. सुबक अक्षरात उतरवण्याआधी वहीच्या त्या पानांचे फोटो मला पाठव, आपण फोनवर बोलू.

तुझ्या बाई