वाचक विचारतात : लादेन नेमका कुणाच्या हातून सुटला?

प्रश्न : ताई नमस्कार, मी दिवेआगरजवळ राहतो. यंदा गणपतीत आरती झाल्यावर ओटीवर मुंबईहून आलेले काका आणि आमचे बाबा यांची चांगलीच जुंपली. काका म्हणाले अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन, त्याला लादेन मारायची संधी तीनदा होती, त्याने घालवली. बाबा म्हणाले ११ सप्टेंबर झालं तेव्हा खुर्चीवर बुश होता ना, मग गाडी १९९९ मध्ये पळवून कंदाहारला नेलेल्या आपल्या विमानावर, तिथून २६/११ वर, आणि शेवटी काका न जेवताच उठले. दोघंही मोठे, मी काय बोलणार. पण खरं काय आहे, चूक कुणाची?

उत्तर : काका बोलले ते खोटं नाही. डिसेंबर १९९८ मध्ये लादेन कंदाहारमध्ये एका ठिकाणी मुक्कामाला असल्याची खबर होती, फेब्रुवारी १९९९ मध्ये वाळवंटातल्या शिकारीच्या तळाजवळ, मेमध्ये परत कंदाहारमध्ये सलग काही रात्री. तिन्ही वेळा मिसाइल सोडलं नाही. पण कारणं बघा ना. पहिल्या वेळी आजूबाजूची साधी माणसं मरतील ही भीती होती, दुसऱ्या वेळी तळावर अमिरातीतली बडी मंडळी होती, आणि तिसऱ्या वेळी तर नुकताच त्याच महिन्यात चुकीच्या माहितीवरून बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर बॉम्ब पडला होता, मग अर्धवट खबरीवर पुन्हा हो कोण म्हणणार? त्याआधी ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलामच्या वकिलाती उडवल्या, २२४ माणसं गेली, तेव्हा क्लिंटनने मिसाइल सोडलीच होती, अफगाणिस्तानवरची तर आपल्याच अरबी समुद्रातल्या जहाजांवरून. लादेन सापडला नाही. वर विरोधक म्हणायला लागले की लेविन्स्की या तरुणीशी असलेल्या क्लिंटनच्या संबंधांच्या प्रकरणावरून लोकांचं लक्ष उडवायला हे केलं. मला राग येतो तो इथे. शत्रूवर हल्ला केला तरी घरचे लोक हेतूवर संशय घेणार असतील तर पुढच्या वेळी माणूस दहादा विचार करणारच.

आता बाबांचं. दहशतवादविरोधी कामाचे प्रमुख रिचर्ड क्लार्क यांनी बुश नुकताच खुर्चीवर आला होता तेव्हाच, २५ जानेवारी २००१ ला, लिहून दिलं होतं की लादेनच्या अल कायदा संघटनेवर वरिष्ठांची बैठक तातडीने घ्या. ती झाली ४ सप्टेंबरला, हल्ल्याच्या आठवडाभर आधी. ६ ऑगस्टला बुशच्या रोजच्या गुप्त टिपणात शीर्षकच होतं की लादेन अमेरिकेत हल्ला करायचा निर्धार करून आहे. म्हणजे बाबाही बरोबर आहेत, आणि माझ्या मते त्या आठ महिन्यांची ढिलाई जास्त जड आहे, कारण १९९८-९९ मध्ये निदान प्रश्न टेबलावर तरी होता.

पण मला खरी चूक वेगळीकडेच दिसते. जानेवारी २००० मध्ये सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने मलेशियात क्वालालंपूरमधल्या अल कायदाच्या माणसांच्या बैठकीवर पाळत ठेवली होती, तिथली दोन माणसं, मिहधार आणि हाझमी, त्याच महिन्यात लॉस एंजेलिसला उतरली, पुढे सॅन दिएगोत स्वतःच्याच नावाने राहिली, हाझमीचं नाव तर टेलिफोन डिरेक्टरीत होतं! दोघांची नावं संशयितांच्या यादीत गेली ती ऑगस्ट २००१ च्या शेवटी. पेंटॅगॉनवर आदळलेल्या विमानात हे दोघं होते. सीआयएकडे माहिती होती, ती देशातला तपास करणाऱ्या एफबीआयपर्यंत वेळेवर नीट पोचलीच नाही. आणि सीआयएचे प्रमुख दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या काळात एकच, जॉर्ज टेनेट. मग यात क्लिंटनचा पक्ष कुठे आणि बुशचा कुठे?

हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. मी श्रीवर्धन तालुक्यातली, १९९३ साली कॉलेजात होते. ९ जानेवारीच्या रात्री दिघीला उतरवलेला चोरटा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या, अडवल्या हो! मग पैशांची बोलणी झाली, तारण म्हणून चांदी घेतली आणि गाड्या सोडल्या. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालात हे सगळं आहे. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. मार्चनंतर कित्येक दिवस आमच्याकडची माणसं एसटीत गावाचं नाव सांगायला कचरायची, मीही कचरले आहे. अमेरिकेत कुणी लाच घेतली नव्हती, तो फरक मोठा आहे आणि तो विसरू नका. पण दोन्हीकडे हल्ला अडवायची जागा खालीच होती, नाक्यावर आणि फायलीत, आणि भांडण मात्र कायम वरच्या खुर्चीचं होतं.

कंदाहारचं म्हणाल तर तीन अतिरेकी सोडले त्या ३१ डिसेंबर १९९९ वरच सगळे भांडतात. विमान आधी अमृतसरला उतरलं होतं, तिथून ते का उडू दिलं हे काकांना विचारा, बाबांनाही विचारा. पण जेवण झाल्यावर.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर फिरतंय की १९९६ मध्ये सुदान लादेनला अमेरिकेच्या ताब्यात द्यायला तयार होतं आणि क्लिंटनने नको म्हटलं. खरं आहे का हे? (दापोलीहून एक वाचक)

उत्तर : सुदानच्या मंत्र्यांनी नंतर तसा दावा केला, पण ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाला त्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. त्या आयोगात दोन्ही पक्षांचे पाच-पाच लोक होते आणि २००४ चा अहवाल एकमताने आला, म्हणून मी तो मानते. शिवाय १९९६ मध्ये लादेनवर अमेरिकेत खटलाच नव्हता, आरोपपत्र आलं ते १९९८ मध्ये. हां, अमेरिका सुदानच्या मागे लागली होती की याला देशाबाहेर काढा. तो मे १९९६ मध्ये निघाला आणि अफगाणिस्तानातल्या जलालाबादला गेला, जिथे त्याच्यापर्यंत पोचणं जास्तच अवघड झालं. बाहेर काढा म्हणताना तो जाणार कुठे याचा विचार झाला नाही, विचारायचं तर हे विचारा. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका.